अंदाजपत्रकात नसलेली माती

सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत पाया खणण्याची जी बाब असते, ती एकदा नीट वाचावी. सर्व प्रकारची माती, वाळू, रेती आणि मऊ मुरूम यांतलं खोदकाम, निघालेला माल ५० मीटरपर्यंत नेऊन टाकणं आणि पसरणं, पायाचा तळ तयार करणं, पाणी उपसणं, परत भराई करून धुम्मस करणं, हे सगळं एका दरात. त्यापुढे कठीण मुरूम, मग मऊ खडक, मग कठीण खडक, असे दर चढत जातात. खणायला किती जड जातं, एवढाच या वर्गवारीचा निकष. त्यामुळे वरची अर्धा फूट पोयट्याची माती आणि तिच्याखालचा मऊ मुरूम एकाच रकान्यात बसतात. गावातल्या ठेकेदाराचं कोटेशन म्हणजे याच दरसूचीचं लहान रूप. सिमेंटच्या गोण्या, स्टीलचे टन, वाळूचे ब्रास, टाइल्सचे चौरस फूट असं सगळं त्यात मोजलेलं असतं. मातीचा उल्लेख येतो तो ‘काढून टाकणे’ या क्रियापदासोबत.

घर बांधताना जमिनीची जी हानी होते, तिच्यातली निम्मीशिम्मी मला या कागदावरच सुरू होताना दिसते. कुणी मुद्दाम माती नासवत नाही. मालक, ठेकेदार, जेसीबीवाला, प्रत्येकजण आपापल्या हिशेबाने बरोबर वागत असतो. त्या हिशेबांत माती नसते, एवढंच.

आकडे मांडून पाहू. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यावरची अर्धा फूट माती जवळपास साडेपाच ब्रास भरते. वजन वीसेक टन. दख्खनच्या काळ्या पाषाणावर एवढा थर तयार व्हायला शेकडो ते हजारो वर्षं जातात. जेसीबीला एक सकाळ पुरते. आणि ही सकाळ बहुतेक वेळा आर्किटेक्टचा नकाशा पक्का होण्याआधीच उगवते. ‘भूमिपूजन आहे, तेवढा प्लॉट साफ करून ठेवा,’ असा निरोप जातो. जेसीबी तासावर आलेला असतो. चालक गवत, झुडपं आणि त्यांच्याबरोबर सगळी वरची माती खरवडून खालच्या कोपऱ्यात ढकलतो, नाहीतर जवळच्या ओढ्याच्या काठावर नेऊन ओततो. प्लॉट सपाट, स्वच्छ आणि मुरमाच्या रंगाचा दिसू लागतो. मालक खूश होतो.

पुढे वर्षभराने जोत्याच्या भरावासाठी बाहेरून मुरूम विकत येतो. घर पूर्ण झालं की बागेसाठी ‘लाल माती’चा टेम्पो येतो. स्वतःची माती फुकट घालवायची, मग दुसऱ्याच्या जमिनीतून काढलेली दोनदा पैसे देऊन आणायची, असा हा व्यवहार आहे.

तो टाळण्याची पहिली पायरी क्रम उलटा करण्याची आहे. आधी आखणी, मग साफसफाई. चुन्याच्या फक्कीने घराची हद्द आणि गाड्यांची वाट आखून घ्यायची आणि तेवढ्याच भागावरची माती काढायची. बाकीच्या जागेवरचं गवतसुद्धा ठेवायचं. काढलेली वरची माती एका ढिगात, खालचा मुरूम दुसऱ्या ढिगात. दोन्ही एकत्र झाले की पुन्हा वेगळे होत नाहीत.

इथे पुस्तकी सल्ल्याची अडचण सुरू होते. हरित इमारतींच्या नियमावल्यांत साधारण असं सांगितलेलं असतं की २०० मिलिमीटर माती खरवडा आणि ढीग ४०० मिलिमीटरपेक्षा उंच करू नका. कारण रास्त आहे: उंच ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, जिवाणू आणि मुळांच्या सोबतीने राहणाऱ्या बुरश्या मरू लागतात. मोठ्या गृहप्रकल्पात हे जमतं. पण एका गुंठ्यावर ६०० चौरस फुटांचं घर बांधायचं, तर केवळ अर्धा फूट माती काढली तरी ती ३ ब्रास होते, आणि ४०० मिलिमीटरच्या ढिगाला २३० चौरस फूट जागा लागते. मग वाळू, खडी, स्टील, पाण्याची टाकी आणि वॉचमनची खोली कुठे जाणार? म्हणून नियम सोडून द्यायचा, असा अर्थ कुणी काढू नये. चार फुटांचा ढीग कुंपणाच्या कडेला लावून, वर गोणपाट किंवा उसाचं पाचट टाकून आणि पाऊस येण्याआधी त्यावर मूठभर ताग फेकून पुष्कळ काही वाचवता येतं. ताग उगवला की मुळं ढीग धरून ठेवतात आणि आतली माती जिवंत राहते. शेजारच्या शेतकऱ्याशी बोलणी करून माती त्याच्या शेतात पसरू देणं हाही चांगला मार्ग आहे. घरासाठी गेलेल्या जमिनीची माती निदान शेतीत राहते.

माती उचलून नेणं डोळ्यांना दिसतं. ती जागेवरच दाबली जाणं दिसत नाही, आणि माझ्या मते लहान प्लॉटवर तेच जास्त नुकसानीचं. शेतकरी वाफसा पाहिल्याशिवाय औत घालत नाही. ओल्या रानात बैल घातला तर ढेकळं होतात आणि ती वर्षभर फुटत नाहीत, हे त्याला सांगावं लागत नाही. त्याच शेतकऱ्याच्या रानाचे प्लॉट पडले की भर जुलैत तिथे खडीचा डंपर शिरतो. जेसीबीचं वजन साडेसात-आठ टन. भरलेला दहाचाकी डंपर कायद्याच्या मर्यादेतच २८ टनांचा. ओल्या काळ्या मातीत चाक रुतलं की मातीच्या कणांमधल्या पोकळ्या मिटतात. हवेच्या आणि पाण्याच्या वाटा बंद होतात. घट्ट झालेल्या चिकण मातीत मूळ शिरत नाही आणि पावसाचं पाणी मुरण्याऐवजी वरून पळतं. यातली वाईट गोष्ट अशी की सगळ्यात जास्त दाब पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच बसून जातो. ‘एकदाच गाडी आत घेऊ’ ही सवलत म्हणून निरुपयोगी आहे. वरचा थर नांगरून सुटतो. फूट-दीड फुटाखालचा दाब दशकानुदशकं राहू शकतो.

उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. गाड्यांना एकच वाट. पुढे जिथे पार्किंग किंवा दारासमोरची फरसबंदी होणार, तीच वाट आधी डबर आणि मुरूम टाकून करून घ्यायची. उरलेल्या जागेला बांबू रोवून दोरी बांधायची. दोरी नुसती नावाला असून चालत नाही. विटांच्या ट्रकचा चालक उतरून ती सोडतो. दोन फूट उंचीचे खांब आणि आडवे बांबू लागतात. आणि पावसात अवजड गाडी आत घ्यायची नाही, हे ठेकेदाराच्या करारात लिहायचं.

काळ्या मातीत घर बांधणाऱ्यांचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा. गोदावरी, तापी, पूर्णा, कृष्णा यांच्या खोऱ्यांतली ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरच्या घराला ती उचलते आणि सोडते, भिंती तडकतात. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मिस्त्रींचा सल्ला ठरलेला: मुरूम लागेपर्यंत खणा, काळी काढून टाका, मुरूम भरा. हजार चौरस फुटांवरची पाच फूट काळी माती काढली तर ती ५० ब्रास होते, आणि तितकाच मुरूम कुठली तरी टेकडी कोरून आणावा लागतो. सगळेच इतकं खणत नाहीत. बरेचजण खांबांपुरते खड्डे घेतात. तरी जोत्याखालची काळी माती काढून मुरूम भरण्याची पद्धत सर्रास आहे.

या प्रश्नावर आपल्याकडे दोन चांगली उत्तरं निघाली, आणि दोन्ही जुनी आहेत. मुंबईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिलं की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा साधारण मीटरभर थर दाबून घातला, तर खालची माती वरच्या बांधकामाला उचलत नाही. कालव्यांच्या अस्तरांसाठी हे तंत्र फार उपयोगी पडलं. घरासाठी मात्र यातही थरासाठी माल बाहेरूनच आणावा लागतो, म्हणजे प्रश्न अर्धाच सुटतो. दुसरं उत्तर रुरकीच्या केंद्रीय बांधकाम संशोधन संस्थेचं. जमिनीत हाताने फिरवायच्या गिरमिटाने एक फूट व्यासाचं, साडेतीन मीटर किंवा जास्त खोल भोक पाडायचं, तळाशी खास हत्याराने ते अडीच पट रुंद करायचं, त्यात सळया सोडून काँक्रीट ओतायचं. तळाचा हा कंद, फुगण्या-आक्रसण्याचा खेळ जिथे थांबतो त्या खोलीवर जाऊन बसतो. वर तुळया, तुळयांवर भिंती, आणि तुळईखाली माती फुगायला थोडी मोकळीक. असे वीस खांब घेतले तरी निघणारी माती अडीच-तीन ब्रासच्या आसपास. पन्नास ब्रासच्या समोर हा आकडा ठेवून पाहावा. या पद्धतीसाठी भारतीय मानक आहे, ती अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात आहे, सरकारी इमारतींत वापरलेली आहे. तरी जिल्ह्याच्या गावात बंगल्याचा पाया काढताना तिचं नाव क्वचित निघतं, कारण गिरमिट कुणाकडे नसतं आणि जेसीबी दर चौकात उभा असतो. संशोधन आणि भाड्याने मिळणारं यंत्र यांच्यामधली ही दरी भरायची तर तालुक्याला एखादं गिरमिट भाड्याने देणारा माणूस उभा राहायला हवा. हे काम एखाद्या सहकारी संस्थेलाही जमेल.

आता उतारावरची घरं. मुळशी, पानशेत, लोणावळा, इगतपुरी, महाबळेश्वरच्या आसपास आणि कोकणात खाडीच्या काठाने गेल्या तीसेक वर्षांत जी बांधकामं झाली, त्यांत लोकांना दृश्य हवं होतं आणि अंगण सपाट हवं होतं. या दोन इच्छा एकत्र आल्या की डोंगर कापला जातो. वरच्या बाजूला उभी दरड तयार होते, निघालेली माती खालच्या बाजूला ढकलून सपाटी वाढवली जाते. ढकललेला भराव कधी नीट बसलेला नसतो. वरून येणारे ओघळ त्याने बुजलेले असतात. पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात काही झालं नाही म्हणून मालक निश्चिंत होतो.

ओघळ बुजवले की काय होतं, ते ६ जून २०१३ च्या संध्याकाळी कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडीजवळ दिसलं. डोंगरफोड आणि भराव करून पाण्याची नैसर्गिक वाट अडवलेली होती. जोराचा पाऊस आला, पाणी आणि चिखल पुणे-सातारा महामार्गावर उतरला, एक मोटार वाहून गेली आणि आई व लहान मुलगी दगावल्या. त्यानंतर टेकडीफोडीची चर्चा पुण्यात जोरात झाली. महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण असावं की थोडं बांधकाम करू द्यावं, हा वाद त्याआधीपासून चालू होता आणि अजून पुरता मिटलेला नाही. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नको, हा नियम कागदावर आहे. पण कापलेल्या टेकडीचा उतार कापल्यानंतर मोजला तर तो सपाटच भरतो! गोव्याने निदान कायद्यात प्रश्नाला नाव देऊन ठेवलं आहे: तिथल्या नगर व ग्रामनियोजन कायद्याचं कलम १७-अ डोंगरकापणी आणि सखल जमिनीतला भराव या दोन्हींना परवानगीशिवाय मनाई करतं. गोव्यात त्याचं किती पालन होतं, हे तिथल्या वर्तमानपत्रांचा कुठलाही आठवड्याचा अंक चाळला तरी कळतं.

उतारावर कमी खणून घर बांधायची युक्ती लॉरी बेकर आयुष्यभर सांगत राहिले. हा इंग्रज वास्तुकार १९७० च्या सुमारास तिरुवनंतपुरममध्ये स्थायिक झाला आणि केरळच्या उतारांवर त्याने शेकडो घरं बांधली. त्याचा सल्ला असा: घराची लांब बाजू उताराला आडवी, म्हणजे समतल रेषेला धरून ठेवा. खोदाई आणि भराव दोन्ही कमी लागतात. शक्य असेल तिथे घराच्या आतच एक-दोन पायऱ्यांचा फरक ठेवा, जमिनीला एका पातळीत आणायचा हट्ट सोडा. आणि पायाचे चर खणताना माती आतल्या बाजूला टाका, कारण जोत्यात भराव तिचाच घालायचा आहे. मजूर सवयीने ती बाहेर फेकतात, मग दुसरे मजूर तीच माती पुन्हा घमेल्यांनी आत आणतात. बेकरांना हा पैशाचा अपव्यय वाटत असे. मातीच्या बाजूने पाहिलं तरी शहाणपण तेच.

कोकणातल्या जुन्या घरांनी उतार टप्प्यांनी घेतलेला दिसतो. वर मागील दारचं परसू, मध्ये घर, खाली खळं, आणि प्रत्येक टप्प्याला जांभ्याचा गडगा. हा गडगा बिनचुन्याचा, नुसता रचलेला असतो. त्यातून पाणी झिरपून बाहेर पडतं, मागे दाब साचत नाही. आज त्या जागी उभी काँक्रीटची भिंत येते. तिला पाणी निघायला भोकं आणि मागे खडीचा थर नसेल तर तिसऱ्या-चौथ्या पावसात ती पुढे कलायला लागते. काँक्रीटला दोष देण्यात अर्थ नाही. भिंत बांधणाऱ्याने मागे साचणाऱ्या पाण्याचा विचार केला नाही, एवढीच ती चूक. आणि या डोंगरउतारांवर घरापेक्षा घरापर्यंतचा रस्ता जास्त जमीन खातो, ही गोष्ट सहसा नजरेतून सुटते. शंभर मीटरचा रस्ता एका बंगल्याच्या जोत्यापेक्षा जास्त उतार कापतो. गाडी खाली लावून वीस पावलं चढायची तयारी असेल तर डोंगराचं निम्मं काम वाचतं. ही तयारी फारशी कुणाची नसते.

पाऊस हा या सगळ्याचा परीक्षक. उघड्या पडलेल्या मातीची धूप किती होते, याचा अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात गॉर्डन वोल्मन यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास अजून सांगितला जातो. जंगल किंवा शेती असताना जितका गाळ वाहून जायचा, त्याच्या कित्येक पट, काही ठिकाणी शंभर पटींहून जास्त गाळ घरबांधणी चालू असताना नद्यांत उतरत होता. घरं होऊन रस्ते-हिरवळ झाली की तो पुन्हा खाली यायचा. म्हणजे धोका त्या एक-दोन वर्षांचाच. आपल्याकडे तर वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो, म्हणून तो धोका टाळणं काहीसं आपल्या हातात आहे. पूर्वीची माणसं दिवाळी झाली की पाया खणायला घेत आणि मृग लागायच्या आत जोतं, निदान भिंती, वर काढत. त्यामागे मजुरांची उपलब्धताही होती, पण परिणाम मातीच्या भल्याचा होई. आता कर्जाचा हप्ता आणि परवानगीचा कागद ज्या महिन्यात हातात पडेल, त्या महिन्यात काम सुरू होतं. परवानगी जूनमध्ये आली तर खोदाई ऑक्टोबरपर्यंत थांबवावी, असं सांगणारा आर्किटेक्ट मिळाला तर त्याची फी आनंदाने द्यावी. थांबणं शक्यच नसेल तर प्लॉटच्या खालच्या कडेला उताराला आडवा मातीचा बांध, त्याच्या आत गाळ बसायला चर आणि उघड्या उतारावर काथ्याचं जाळं किंवा पाचट. खर्च फार नाही. वाळ्याची रोपं लावली तर पुढे ती जागा कायमची धरून ठेवतात.

सिमेंट आणि विषं यांबद्दल थोडक्यात. मिक्सर धुतल्याचं पाणी प्लॉटच्या कोपऱ्यात सोडलं जातं. या पाण्याचा सामू १२ च्या घरात असतो. दख्खनची माती मुळातच अल्कधर्मी. तिच्यात आणखी चुना मुरला की झाडांना लोह घेता येत नाही, पानं पिवळी पडतात, आणि मालक नर्सरीवाल्याला दोष देतो. धुण्यासाठी एक खड्डा, आत प्लास्टिक, सुकलेला थर काढून भरावात टाकायचा, इतकं पुरतं. वाळवी प्रतिबंधाचा प्रश्न जास्त गंभीर. भारतीय मानकाप्रमाणे पायाच्या चरांत आणि जोत्याच्या भरावावर दर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण शिंपडलं जातं. एकेकाळी यासाठी आल्ड्रिन, क्लोर्डेन वापरत. त्यांवर आता बंदी आहे. क्लोरपायरिफॉस मात्र अजून सर्रास चालतं, आणि मे २०२५ मध्ये स्टॉकहोम कराराच्या देशांनी त्याचं नावही, काही सवलती ठेवून, बंदीच्या यादीत घातलं. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर हे काम डोळे मिटून करू देऊ नये. लाकूड कमी, जोतं उंच आणि भिंतीलगत सुकी जागा असेल तर वाळवीची भीतीही कमी होते.

झाड वाचवलं असं म्हणणारे अनेकजण ते पाच वर्षांनी वाळलेलं पाहतात. खोड वाचवून चालत नाही. अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत आणि फांद्यांच्या घेराबाहेरपर्यंत पसरलेली असतात. त्यांच्यावर भराव पडला किंवा सिमेंटच्या गोण्यांची थप्पी लागली की ती गुदमरतात. कुंपण घालायचं ते फांद्यांच्या घेराभोवती.

इथवरची सगळी चर्चा आपल्या कुंपणाच्या आतली. घरामुळे दुसऱ्यांची जी जमीन जाते, ती मात्र कुणी मोजत नाही. भाजलेल्या विटेत साधारण ३ किलो माती. दहा हजार विटा म्हणजे ३० टन, म्हणजेच दीड गुंठ्यावरची अर्धा फूट सुपीक माती. वीटभट्टीवाला ती शेतकऱ्याकडून घेतो. शेतकऱ्याला लग्नकार्याला किंवा दवाखान्याला पैसे हवे असतात. केंद्र सरकारने १४ सप्टेंबर १९९९ ला वीजकेंद्रांच्या राखेविषयीची अधिसूचना काढली, तेव्हा तिच्या उद्देशातच विटांसाठी सुपीक माती खणण्याला आळा घालण्याचा उल्लेख होता. औष्णिक वीजकेंद्राच्या ५० किलोमीटर परिसरात विटांमध्ये किमान २५ टक्के राख मिसळणं तिने बंधनकारक केलं. पुढे ही त्रिज्या ३०० किलोमीटरपर्यंत गेली. कोराडी, चंद्रपूर, परळी, दीपनगर, एकलहरे ही केंद्रं धरली तर महाराष्ट्राचा मोठा भाग त्यात येतो. राखेच्या विटा आणि हलके ठोकळे आज बाजारात सहज मिळतात, त्यामुळे मातीच्या विटेचा हट्ट धरायला शहरात तरी कारण उरलेलं नाही. जिथे मातीचीच वीट लागेल, तिथे बेकरांनी रूढ केलेला, विटा उभ्या कडेवर लावून मधे पोकळी ठेवणारा बंध आहे. त्यात विटा सुमारे चौथ्या हिश्श्याने कमी लागतात. गवंड्याला पहिले दोन दिवस तो चुकीचा वाटतो, मग हात बसतो.

कोकणात चिऱ्याची हीच कथा. जांभा जागेवरचा, भाजावा लागत नाही, म्हणून तो निरुपद्रवी समजला जातो. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या चिरेखाणींचे चौकोनी खड्डे तसेच सोडून दिलेले दिसतात, आणि ज्या सड्यांवर त्या खाणी असतात तिथे पावसाळ्यात पाणी साठवणाऱ्या उथळ डबक्यांचं आणि रानफुलांचं जग असतं. माती तिथे बोटभर जाडीची. ती एकदा गेली की खाली नुसता कातळ.

घर पाडून बांधलं तर राडारोड्याचा प्रश्न येतो. तो बहुतेकदा नदीकाठी किंवा रस्त्याकडेच्या ओढ्यात जातो. मुंबईत देवनार आणि मुलुंडची कचराभूमी भरून वाहू लागली, तेव्हा २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने नव्या बांधकाम परवानग्यांवर बंदी आणली; ती सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राडारोड्याच्या विल्हेवाटीची अट घालून शिथिल केली. त्याच २०१६ च्या मार्चमध्ये केंद्राचे बांधकाम कचऱ्याचे नियम आले.

या नियमांची धाव कुठपर्यंत, ते पाहण्यासारखं आहे. २०१६ च्या त्या नियमांत दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांहून जास्त राडारोडा करणाऱ्यालाच आराखडा द्यावा लागत असे. पर्यावरण मंजुरी २० हजार चौरस मीटर बांधकामापासून पुढे लागते. त्या मंजुरीच्या अटींत वरची माती जपून पुन्हा वापरण्याची अट असते, पण गुंठ्या-दोन गुंठ्यांवर घर बांधणारा कुठल्याच जाळ्यात येत नाही. तालुक्याच्या गावाभोवती अशा घरांची संख्या पाहिली तर एकत्रित जमीन मोठ्या गृहप्रकल्पांपेक्षा कमी भरणार नाही. जर्मनीच्या बांधकाम कायद्यात २०२ क्रमांकाचं एक लहानसं कलम आहे: बांधकामात काढलेली वरची माती वापरण्याजोग्या अवस्थेत राखली पाहिजे, तिची नासाडी होता कामा नये. घर किती मोठं याचा त्यात प्रश्नच नाही. ब्रिटनने २००९ मध्ये बांधकामावरची माती हाताळण्याची आचारसंहिता काढली. अमेरिकेत एक एकर किंवा जास्त जमीन उघडी पडणार असेल तर गाळ रोखण्याचा आराखडा आणि परवाना लागतो.

आपल्याकडे लहान घरासाठी आणखी एक परवानगी काढावी, असं मात्र मी म्हणणार नाही. तलाठी आणि ग्रामपंचायतीच्या दारातली रांग वाढेल आणि कागद भरून माती वाचणार नाही. त्यापेक्षा आहे त्याच हिशेबाला वळण देणं सोपं. एक वळण न्यायालयाने देऊन ठेवलंच आहे. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं की पाया खणताना माती निघाली एवढ्यावरून स्वामित्वधन लागत नाही. त्या मातीचा वापर कशासाठी झाला हे पाहावं लागेल. पुढे राज्याच्या नियमांतही त्याच प्लॉटवर सपाटीसाठी किंवा विकासासाठी वापरलेल्या मातीला सूट आली. प्लॉटवरची माती प्लॉटवर ठेवली तर पैसे वाचतात, हे मालकाला समजलं पाहिजे. बहुतेकांना हे कुणी सांगतच नाही.

आणि मग ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये एक वेगळी बाब लिहून घ्यावी: ‘वरची माती अर्धा फूट वेगळी काढणे, झाकून ठेवणे, शेवटी पसरणे, दर प्रति ब्रास.’ ठेकेदार कुरकुरेल, दर लावेल, तो द्यावा. दर लागला की मुकादम लक्ष देतो, बिल निघताना ढीग मोजला जातो, आणि डंपरवाल्याने रात्रीत दोन खेपा मारून तो विकलेला असला तर लगेच लक्षात येतं. बँकेच्या अभियंत्याने कर्जाच्या हप्त्यासाठी जोत्यापर्यंतचं काम तपासताना हीच बाब पाहिली तर आणखी उत्तम.

घर पूर्ण झाल्यावरची कामं वर्षभराची आहेत. कुंपणापर्यंत सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवले तर वाचवलेली माती ठेवायला जागाच राहत नाही. त्यामुळे चालण्याची वाट आणि गाडीची जागा एवढंच बसवावं. उरलेल्या अंगणात सिमेंटचे गोळे, खिळे, तारा, रंगाचे डबे हाताने वेचून काढावे लागतात. घट्ट झालेली जमीन वाफशावर फूटभर खोल टिकावाने फोडायची, चांगलं कुजलेलं शेणखत मिसळायचं, वर ठेवलेली माती पसरायची आणि मृगाच्या तोंडावर ताग किंवा धैंचा पेरायचा. दीड-दोन महिन्यांत फुलावर येताच तो मातीत गाडायचा. फळझाडं आणि फुलझाडं त्यानंतरच्या वर्षी. पहिल्याच पावसात लॉन हवंच, असा घरच्यांचा आग्रह असेल तर हरळीच्या काड्या लावाव्यात. नर्सरीतून कार्पेटच्या लाद्या आणल्या तर त्यांच्या मुळांना चिकटून कुणाच्या तरी शेतातली वरची बोटभर माती येते.